उंबराच्या जागचे गट्टू

मी आयुष्यभर विवेकाच्या बाजूने उभा राहिलो. अंधश्रद्धेविरुद्ध अकोल्यात आणि अमरावतीत इतकी व्याख्यानं दिली, की कधीकधी श्रोत्यांपेक्षा व्यासपीठावरच जास्त माणसं असत. आता जे सांगतोय ते त्यातल्या एकाही व्याख्यानात आलेलं नाही. बायकोलाही माहीत नाही.

आमचं घर जठारपेठेत. पुढची बाग दादाची — माझ्या थोरल्या भावाची. तो गेला आणि बागेकडे कोणी पाहीनासं झालं. गाजरगवत कमरेएवढं, घाणेरीची जाळी, त्यात मुंगसाचं बिऱ्हाड. मी गाडी घेतली तेव्हा ठरलं, हे सगळं साफ करायचं, काळी माती उपसून मुरूम भरायचा आणि वर सिमेंटचे गट्टू बसवायचे. घरात कोणाचीच ना नव्हती. दादाच्या मागे आमच्याचकडे राहणाऱ्या वहिनी फक्त म्हणाल्या, "उंबर तेवढा राहू द्या, भाऊजी."

उंबर फाटकाजवळ आपोआप उगवलेला. दादा गेल्यापासून वहिनी दर गुरुवारी त्याला पाणी घालून प्रदक्षिणा घालत. आणि तो होता नेमका — गाडी जिथे उभी राहणार तिथे.

गट्टूवाल्या गजाननभाऊंनी गवत उपटलं, घाणेरी खणून काढली आणि उंबरापाशी येऊन थांबले.

"याले मी हात नाही लावत, साहेब. दत्ताचं झाड हाय. आपोआप वाळलं, तर मंग काढून देतो."

"आणि नाही वाळलं तर?"

"तर गाडी बाहेर उभी करा. गाडीपायी कोनाचा देव कोपत नाही."

मी वहिनींना तोंडावर सांगू शकलो असतो — हे झाड मी तोडणार आहे. भांडण झालं असतं, काही दिवस अबोला, आणि संपलं असतं. जे पटत नाही ते तोंडावर बोलावं, हेच ना मी लोकांना सांगत होतो?

एप्रिलातली दुपार होती. कूलर घरघरत होता, घर झोपलेलं. मी गिरमिटाने बुंध्याला भोकं पाडली. आपल्याकडे त्यात हिंग भरतात. झाड वाळतं म्हणतात. माझा हिंगावर विश्वास नव्हता — तरी भरला. वरून संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. भोकं मातीने लिंपली, हात धुतले आणि चहा मांडला.

महिन्याभरात पानं गळाली. तुम्हाला वाटेल, मी झाडाचं कबूल करायला बसलोय. नाही. झाडाचं ओझं मी वागवलं असतं.

वहिनींचा गुडघा त्याच सुमारास धरला होता आणि त्यांचे काही गुरुवार चुकले होते. वाळक्या उंबराखाली उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "माह्यापायीच झालं हे, भाऊजी. पायाचे लाड केले मी."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी काय म्हणालो? "वहिनी, झाडं वाळतात. त्यात तुमचं काय?"

"तुमचं बरं हाय. तुमी कायीच मानत नाही."

मग त्यांनी अळणी उपास धरला, आणि प्रदक्षिणा — गुरुवारीच नव्हे, रोज, अनवाणी. मे महिन्यातल्या अकोल्यात. डॉक्टरांनी चालायला मनाई केली होती. बायकोने विनवलं. मीही समजावलं — बुद्धी, श्रद्धा, शरीर, सगळं. ते पाय थांबवणारं एकच वाक्य माझ्याजवळ होतं. ते सोडून मी बाकीची सगळी बोललो. आणि खिडकीच्या जाळीतून पाहत राहिलो. का? त्यांनी मला खोटा म्हटलं असतं म्हणून? नाही — त्यांनी माफ केलं असतं, याची भीती होती.

गुडघा कायमचा गेला. आता काठी आहे.

झाड काढायच्या दिवशी वहिनींनी नारळ फोडून उंबराची माफी मागितली. शेजारी मी हात जोडून उभा. गजाननभाऊंनी मोबाइलवर फोटो काढला — त्यात मी चांगला भाविक दिसतो.

याला काही वर्षं झाली. गट्टू पक्के बसले आहेत. वहिनी पुढच्या खोलीत असतात, मी मधल्या. मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं वाटतही नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी त्या काठी टेकत त्याच जागेला प्रदक्षिणा घालतात. तिथे गाडी उभी असते. समोर नवीन राहायला आलेल्या कुटुंबाची समजूत आहे, की आमच्या घरात गाडीची पूजा होते.

गुरुवारी मी ती धुऊन ठेवतो.