पडणारी जोड

करोनाच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत सगळेच एकमेकांवर खार खाऊन होते. नवऱ्याच्या दुकानाला कुलूप, लेक जायची त्या तालमीला कुलूप, फक्त माझ्या स्वयंपाकघराला कुलूप नव्हतं.

लेक तेव्हा बारा वर्षांची. तीन वर्षं कुस्ती खेळत होती, आणि तालीम उघडली की लगेच जिल्ह्याच्या संघाची निवड होणार, असं वस्तादांनी फोनवर सांगून ठेवलेलं. त्या निवडीशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. जोर-बैठका एकटीनं मारता येतात, कुस्ती एकटीनं होत नाही. समोर धरायला माणूस लागतं, त्याला जोड म्हणतात. बाहेरच्या कुणाला शिवायची सोय नव्हती. नवऱ्याची कंबर कायमची धरलेली. तो खुर्चीत बसून "पट काढ, पाय धर" एवढं मात्र जोरात ओरडायचा. ज्यानं जन्मात अंगाला माती लावली नाही त्याचा आवाज सगळ्यांत मोठा, हा आमच्या गावचा रिवाजच आहे. राहिले मी.

नवऱ्याची जुनी ट्रॅक पँट चढवली, दोन गाद्या खाली अंथरल्या आणि रोज सकाळी लेकीसमोर वाकून उभी राहू लागले. मी तिच्यापेक्षा दहा किलोनं जड. त्यात माहेरी म्हशींच्या धारा काढून मनगटं घट्ट झालेली. पहिला आठवडाभर तिनं माझ्या मांड्या काळ्यानिळ्या केल्या, पण मी काही पडेना. मग ती भिंतीकडं तोंड करून बसायची, मोबाईलमध्ये डोकं घालायची, ताटावरून उठून जायची. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यातूनच तोंड सोडायची, वर काय बायकांची तालीम काढली काय म्हणून. मीही तिला सोडत नव्हते.

एका सकाळी लेकीनं पट काढला, म्हणजे खाली वाकून माझा पाय ओढला, आणि मी पडले. मुद्दाम पडले. पोरगी हसली आणि त्या दिवशी पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडले. आता खोटं कशाला बोलू, त्यात सगळी मायाच होती असं नाही. लवकर चितपट झालं की मला भाकऱ्या थापायला मोकळं होता यायचं. कंबर माझीही दुखायची, पण ते कुणी विचारत नव्हतं. आधीच ठरवून लढलेल्या कुस्तीला आमच्याकडं नुरा म्हणतात, आणि मैदानात ती ओळखू आली की लोक आयमाय काढतात. घरात कोण ओळखणार? नवरा टाळ्या वाजवायचा. मी थोडी झटापट करून महिनोन्‌महिने पडत राहिले.

तालीम उघडली. निवडीला तिच्यासमोर उचगावची एक किडकिडीत पोरगी आली. सलामी झाली. लेकीनं रोजच्यासारखा पट काढला आणि समोरची पडायची वाट बघत राहिली. तिचं ते थांबणं बाकी कुणाला समजलं नसेल, मला समजलं. तेवढ्यात त्या पोरीनं तिला वरून दाबून पाठ लावली. वस्ताद माझ्याकडं न बघता म्हणाले, "घरात कुणासंगं लढत हुती ही?"

येताना गाडीवर ती माझ्यामागं बसली, पण कमरेला हात घातला नाही. घरी नवऱ्यानं तोंडसुख घेतलं. उचगावच्या पोरीचा, वस्तादांचा, माझ्या हातच्या जेवणाचा उद्धार करून झाला. तो थांबल्यावर लेकीनं विचारलं.

"आई, तू मुद्दाम पडत हुतीस?"

"व्हय."

"पहिल्यापासनं?"

पहिला आठवडा सोडून, असं मी सांगितलं.

"मग तेवढ्या आठवड्याचीच माझी कुस्ती खरी," ती म्हणाली आणि तिनं गाद्या उचलून कॉटवर टाकल्या.

पोरीचं वाटोळं केलंस, असं नवरा म्हणाला. त्यावर मी त्याला आणि त्याच्या खुर्चीला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या वर्षी ती निवडली गेली. आजही खेळते, पण मला परत कधी धरायला बोलावलं नाही. मला राग येतो. तिचा येतो, कारण मांड्या काळ्यानिळ्या करून घ्यायला दुसरं कोण पुढं आलं होतं? माझा स्वतःचाही येतो, आणि तो काही केल्या जात नाही.

परवा कॉलेजला निघताना तिनं नवा ड्रेस घातला होता. मला कसा वाटतोय असं विचारलं. छान दिसतोय, मी म्हणाले. तिनं आरशातूनच माझ्याकडं पाहिलं.

"खरं सांगतीस, का पडतीस?"