नंबर दोन

दुपारचे पावणेतीन वाजले आहेत. पोटभर जेवून उमेश टिळेकर कंप्युटरपुढे बसला आहे आणि त्याचे डोळे जडावत चालले आहेत. इथून दोनशे किलोमीटरवर त्याची लेक ऋजुता आज पहिल्यांदाच एकटीने विमान उडवते आहे, शेजारी शिकवणारे सर नाहीत. उतरले की फोन करते, असं सांगून गेली आहे. बायको देवापुढे बसली आहे आणि हा पन्नाशीचा गृहस्थ विमानयुद्धाच्या खेळापुढे. काळजी विसरायला ज्याला जे जमतं ते तो करतो.

खेळातली ही मोहीम त्याने आणि दिगंबरकाकांनी वर्षभर खपून रचली. काका हवाई दलातून निवृत्त झालेले आणि खेळातही एक चूक खपवून न घेणारे. म्होरक्याचं विमान उतरायला लागलं की बाकीची विमानं वाट फुटेल तिकडे जाऊन, दिसेल त्या तळावर उतरायची. काका खवळायचे. "असं कुणी उतरतं का रे? म्होरक्याच्या मागोमाग यायचं." मग उमेशने फाइलमध्ये एक ओळ घातली: नंबर एक, म्हणजे म्होरक्या, जिथे उतरेल, तिथेच नंबर दोनही उतरेल. नंबर एकला त्याने काकांचं नाव दिलं, नंबर दोनला लाडाने ऋजुताचं. जानेवारीत काका गेले. नावं तशीच राहिली.

उमेशची मान छातीवर कलते.

शेजारच्या खुर्चीत काका बसले आहेत. अंगात इस्पितळातला हिरवा अंगरखा, पायात हवाई दलाचे बूट.

"उम्या, मी उतरलो बरं का," ते म्हणतात.

"कुठे, काका?"

"हे काय, इथे."

ही इस्पितळाची लांबच लांब मार्गिका आहे. दोन्ही बाजूंना रिकाम्या खाटा आहेत, पुढे खाटांच्या जागी दिवे आहेत आणि फरशीचं डांबर झालं आहे. धावपट्टीच्या कडेला काकांचं विमान उभं आहे. त्याच्यावर बोटभर धूळ बसली आहे. वारा नाही, एक पाखरू नाही.

वरून इंजिनाची घरघर येते. छोटं, पांढरं, शिकाऊ विमान.

"काका, तिला इथे नका उतरू देऊ."

"मी कोण अडवणारा? तूच लिहिलंयस ना. मी जिथे, तिथे ती."

"मग मी पुसतो ती ओळ."

कीबोर्ड त्याच्या मांडीवर आहे. तो बटणं दाबतो, ती आत जातात आणि वर येतच नाहीत.

"काका, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल ती."

काका त्याच्याकडे बघत नाहीत. ओशाळून बोलतात.

"खरं सांगू? मला एकट्याला करमत नाही रे इथे."

आयुष्यात पहिल्यांदा उमेशला काकांची भीती वाटते. तो उठतो आणि अनवाणीच धावत सुटतो. डांबर तव्यासारखं तापलं आहे. विमान समोरून खाली येतं, इतकं खाली की काचेमागे ऋजुताचा चेहरा दिसतो. गणिताच्या पेपरला बसायची तसा खालचा ओठ दाताखाली धरलेला. तो दोन्ही हात वर करून ओरडतो.

"बाजूला हो उम्या," काका मागून शांतपणे म्हणतात. "येऊ दे तिला."

तो डोळे मिटतो, पण जागचा हलत नाही.

फोन वाजतो आहे. उमेश दचकून उठतो आणि फोन कानाला लावतो.

"बाबा, उतरले," ऋजुता धापा टाकत सांगते. "दुसऱ्या खेपेला. पहिल्यांदा अगदी खाली आले होते, तर धावपट्टीवर कुणीतरी उभं दिसलं, हात वर करून. तसंच वर घेतलं. टॉवरवाले म्हणतात, कुणीच नव्हतं."

"बरं केलंस," तो म्हणतो.

बायकोला हाक मारावी म्हणून तो उभा राहतो आणि कळवळून परत खुर्चीत बसतो. पाय उचलून बघतो. दोन्ही तळवे भाजून लाल झाले आहेत आणि टाचांना काळं, अजून ओलं डांबर चिकटलं आहे.

तो पायांना काही लावत नाही, कुणाला हाकही मारत नाही. आधी फाइल उघडून ती ओळ शोधतो. आता काकांना तिथे एकट्यानेच राहावं लागणार, या विचाराने त्याला रडू फुटतं. रडत रडतच तो ती पुसून टाकतो.