दोन दशांशांचा काटा आणि शंख

वडिलांकडून मला दोन गोष्टी मिळाल्या: एक शंख आणि तो वाजवायला लागणारी फुफ्फुसं. शंख अजून शाबूत आहे. फुफ्फुसांचं मी दुबईत येऊन काय केलं ते सांगतो.

मी क्वांटिटी सर्व्हेयर. दुसऱ्यांनी बांधायच्या इमारतीत किती काँक्रीट आणि किती लोखंड लागेल, ते आधी मोजून सांगणारा माणूस. दोन हजार आठची मंदी आली तेव्हा आमची कंपनी एक टॉवर बांधत होती. लॉबीत त्याची प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवलेली होती. खाली बोटाएवढी खजुराची झाडं, त्यांच्या सावलीत तांदळाएवढी सुखी कुटुंबं. प्रत्यक्षात टॉवर तिसऱ्या मजल्यावर थांबला. पेटी मात्र रोज सकाळी पुसली जायची.

त्या दिवसांत कोणाची नोकरी जाणार हे एचआरच्या आधी जनरेटरमागे सिगारेट ओढणाऱ्यांना कळायचं. बातमी हवी तर तिथे उभं राहायला हवं, आणि तिथे रिकाम्या हाताने उभा राहणारा माणूस हेर वाटायचा. म्हणून मी सिगारेट धरली. पुढे माझीही नोकरी गेली, अबुधाबीजवळ मुसफ्फाला दुसरी मिळाली, आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला आलो. बातम्या संपल्या, सिगारेट राहिली.

अशी दहा वर्षं गेली. मग एका गणपतीत आरती संपली, मी शंख तोंडाला लावला आणि फुंकर अर्ध्यावर असताना खोकला आला. शंखातून खोकला ऐकला नसेल तर ऐकू नये. आमच्या व्हिलात, म्हणजे भिंती घालून चार कुटुंबांना भाड्याने दिलेल्या बंगल्यात, वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. नाव सांगण्याआधी ते हुद्दा सांगतात. त्यांनी माझ्या हातातून शंख अलगद काढून घेतला, डोळे मिटले, कोणाचा मोबाइल कुठे आहे ते एका पापणीआडून पाहून घेतलं आणि बराच वेळ वाजवला. माझी मुलगी म्हणाली, "अंकल इज सो गुड." बायकोने त्यांना दुसरा मोदक वाढला, तेच जास्त लागलं. पुढच्या गणपतीला शंख मीच वाजवणार आणि न खोकता वाजवणार, असं मी त्या रात्री ठरवलं.

सिगारेट एकदम सोडायचा प्रयत्न मी तीनदा केला. तिन्ही वेळा घरातल्यांनीच विनंती केली की ओढा, पण बोला नीट. शेवटी मार्ग दाखवला आमच्या यार्डातल्या फोरमनने. चिपळूणकडचा माणूस, कामगारांच्या कॅम्पात राहणारा, आडव्या बांध्याचा, बोलणं उभं. त्याने स्वतः विडी सोडली होती ती व्हेपवर, म्हणजे वाफेच्या इलेक्ट्रिक सिगारेटवर. दुकानातल्या लिक्विडमध्ये निकोटिन ठरावीक असतं, ते आपल्याला हवं तसं कमी करता येत नाही, म्हणून तो स्वतःच मिसळायचा. बाटलीत खुणेपर्यंत बेस, म्हणजे ग्लिसरीनचं साधं पातळ मिश्रण, भरायचा, त्यात निकोटिन वजन करून घालायचं, दर पंधरवड्याला वजन थोडं कमी करायचं. शेवटी नुसती वाफ.

"साहेब, माणसाला कळता नये आपण सोडतोय ते," तो म्हणाला. "कळलं की तो अडून बसतो."

चवीसाठी त्याने मला हापूसचा अर्क दिला. आंबा सोडून बाकी सगळ्याचा वास होता त्याला.

बायकोने अट घातली: निकोटिनची बाटली कुलपात राहील आणि ती हाताळताना हातमोजे घालायचे. घरात कुलूप असलेला खण एकच, तिच्या दागिन्यांचा. तेव्हा माझं विष आणि तिचं सोनं शेजारी शेजारी राहू लागलं.

सुरुवातीला वजन मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करत असे. तो काटा केकसाठी घेतलेला. पूर्ण ग्रॅमखाली त्याला काही दिसायचं नाही. मला दीड ग्रॅम हवा असे. थेंब पडत राहायचे, काटा विचारात पडायचा आणि मग एकदम दोन म्हणायचा. अर्धा त्याच्या मनात, अर्धा माझ्या. अशाने कमी काय करणार? फोरमन म्हणाला, "किचनचा काटा थेंब खातो, साहेब. दोन दशांशांचा घ्या."

काटा निवडणं ही साधी गोष्ट असेल असं मला वाटलं होतं. मुसफ्फात वजनकाट्यांचं एक दुकान आहे. दुकानदाराने मला आधी दोन किलोपर्यंतचा, मोठ्या ताटलीचा काटा दाखवला. त्याला एकच दशांश. मग काचेच्या झाकणाचा, तीन दशांशांचा, सोनारांचा. त्याच्यासमोर श्वास सोडला तरी आकडा हलायचा. मला तो फार आवडला. पण तो वीस ग्रॅमच्या वर काही पेलत नव्हता, आणि माझी बाटली एकटीच त्याहून जड. तिसरा दोन दशांशांचा होता, पण त्याची ताटली एवढी लहान की बाटली ठेवली की आकडा तिच्यामागे लपायचा. चौथा दोन मिनिटांत आपोआप बंद होणारा. थेंब मोजता मोजता तो झोपला की सगळं पहिल्यापासून.

दुकानदार मधूनमधून विचारत होता, "सर, गोल्ड के लिए?" मी म्हणालो, मसाल्यासाठी. एक शतांश ग्रॅमपर्यंत मसाला तोलणाऱ्या माणसाकडे त्याने आदराने पाहिलं.

पाचवा जमला. पाचशे ग्रॅमपर्यंत, दोन दशांश, आकडा पुढे बाहेर आलेल्या पट्टीवर, बंद करू तेव्हाच बंद होणारा. पंचेचाळीस दिरहम, म्हणजे साडेआठशे रुपये, असं मी सवयीने मोठ्याने म्हणालो. दुकानदारानेही सवयीने मान डोलावली. बरोबर शंभर ग्रॅमचं चकचकीत वजन फुकट मिळालं. घरी येऊन मी ते ताटलीवर ठेवलं. शंभर, शून्य, शून्य. लॉबीतल्या काचेच्या पेटीला हसणारा मी त्या दोन शून्यांपुढे अक्षरशः हात जोडायचा बाकी होतो.

काटा खणात गेला, कारण बाटलीही खणातच होती.

चार दिवसांनी नवीन मिश्रण करायला बसलो. बाटलीत खुणेपर्यंत बेस भरला, काटा शून्यावर आणला, निकोटिनचे थेंब सोडू लागलो. तीन थेंबांत दीड. आजवर चाळीसेक थेंब लागायचे. मी फोरमनला फोन केला. तो म्हणाला, "मी काय सांगत होतो? तुमचा जुना काटा थेंब खात होता." मला पटलं. म्हणजे इतके दिवस मी भलताच जास्त डोस घेत होतो आणि या यंत्राने मला वाचवलं होतं.

पुढचे दहा दिवस वाईट गेले. मी व्हिलाच्या वॉचमनशी दाराच्या बिजागरीवरून वाद घातला. ऑफिसात एका ड्रॉइंगवर लाल पेनाने इतकं लिहिलं की खालचं ड्रॉइंग दिसेना. मुलगी म्हणाली, "मॉम, व्हॉट इज राँग विथ हिम?" बायको म्हणाली, "उन्हाळा आहे." ऑगस्ट होता, त्यामुळे ते खपलं. मग हळूहळू मी माणसांत आलो. दीडचा सव्वा केला, सव्व्याचा एक. मोठ्या ऐटीत सगळ्यांना सांगू लागलो की आता एकावर अगदी बरोबर बसतं, यापेक्षा कमी केलं तर सोसणार नाही. फोरमनला निकोटिन आणि मानवी शरीर यांवर एक छोटं व्याख्यानही दिलं. त्याने चहा संपेपर्यंत ऐकलं.

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी बायको साताऱ्याला आपल्या आईशी व्हिडिओवर बोलत होती. मी मखराला दिव्यांची माळ लावत होतो. तिच्या बोटात आईने दिलेलं वेढणं होतं, साधी सोन्याची अंगठी. ती आईला सांगत होती, "अगं, तू वीस गुंजांचं म्हणायचीस ना? सदतीस भरलं. मी स्वतः केलंय वजन."

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे वडील सराफाकडे कारकून होते. त्या म्हणाल्या, "सोनं अंगावर वाढत नाही गं. काटा खोटा आहे तुझा."

माझ्या काट्याला खोटं म्हटलेलं मला सहन होईना. मी शिडीवरून उतरलो. विचारलं, कुठल्या काट्यावर केलंस? ती म्हणाली, "तुमच्याच. आणला त्याच दिवशी. इतका चांगला काटा आहे, त्यात गुंजासुद्धा आहेत. बटण दाबत गेलं की येतात." तिने खण उघडला, काटा काढला, वेढणं ठेवलं. सदतीस. मग आकड्याच्या बाजूच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून म्हणाली, "हे बघा. जीएन. गुंज."

मी चष्मा लावला. जी आणि एन खरंच होते. इतके दिवस मी चष्म्याशिवाय नुसता आकडा पाहत होतो आणि बाजूची अक्षरं ग्रॅमचीच धरून चाललो होतो. दशांशानंतर दोनाऐवजी एकच आकडा येतो आहे, हेही मोजमापाची भाकरी खाणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. बायकोने पहिल्या दिवशी काटा गुंजांवर नेला आणि तो तिथेच राहिला होता. फक्त त्या गुंजा नव्हत्या. कुठल्या तरी इंग्रज व्यापाऱ्याने जवाच्या दाण्यावरून काढलेलं ते ग्रेन नावाचं माप होतं, आणि एका ग्रॅममध्ये असे पंधरा दाणे बसतात, एका गुंजेत जवळजवळ दोन.

मी जमिनीवर बसून गणित केलं. दीड महिना मी ठरल्याच्या पंधराव्या हिश्शाने निकोटिन घेत होतो. आणि त्यातही दोनदा कमी केलं होतं.

आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला सिगारेटची इतकी तीव्र आठवण आली, जितकी दीड महिन्यात एकदाही आली नव्हती. फोरमन म्हणाला होता तसंच झालं, कळलं आणि आतला माणूस अडून बसला. खण उघडा होता. बाटली समोर होती. खरा एक ग्रॅम घालायला दोन मिनिटं लागली असती, आणि माझ्याकडे कारणही होतं: एवढं अचानक सोडणं प्रकृतीला बरं नसतं. मी ते मोठ्याने म्हणालोही.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. फोनवर सासूबाई होत्याच. बायको म्हणाली, "दीड महिन्यापूर्वी सोडलंत, आणि प्रकृतीला आज बरं नाही होय?" मग तिने बाटली आत सरकवली, खणाला कुलूप लावलं आणि काटा मात्र बाहेर ठेवला. "माझं सोनं दुप्पट केलं आणि तुमचं विष पंधरावा हिस्सा. हा काटा मी कुणाला हात लावू देणार नाही."

सासूबाई म्हणाल्या, "वीसच गुंजा आहेत."

दुसऱ्या दिवशी आरतीला फोरमन आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गणपतीकडे तोंड करून उभा राहिला, पण खांदे हलत होते. मग म्हणाला, "म्हणजे साहेब, ते व्याख्यान तुम्ही नुसत्या हापूसच्या वाफेवर दिलंत."

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद केल्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ माझ्या उजव्या हाताला उभे होते, मदतीच्या तयारीत. मुलीने मोबाइल काढून स्टॉपवॉच लावलं. मी शंख तोंडाला लावला आणि फुंकलं. पहिले काही क्षण घशात जुनी ओळखीची खरखर जागी होते आहे असं वाटलं. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. सूर थोडा डुगडुगला, मग सरळ झाला, आणि मी तो श्वास पार संपेपर्यंत सोडला नाही. खोकला आला नाही. शंख घ्यायला पुढे झालेला बाजूचा हात हळूच खाली गेला.

"नाइन्टीन, बाबा," मुलगी म्हणाली. "लास्ट इयर अंकल डिड ट्वेंटी-टू."

गृहस्थांनी मोठ्या मनाने माझी पाठ थोपटली. बायको प्रसादाची वाटी घेऊन आली आणि माझ्या हातावर मोदक ठेवता ठेवता फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात तिने विचारलं:

"एकोणीस काय? सेकंद की गुंजा?"