मिठाची तक्रार

आत्याबाई, परभणीच्या स्टँडवर एसटी हलली तेव्हा तुम्ही खिडकीशी आलात आणि म्हणालात, "माझं लेकरू लई कमी बोलतंय गं. दोघांचं तूच बोल." सुनेला अशी उघड परवानगी कुठली सासू देते? चाकणच्या कंपनीत ह्यांची नोकरी, मोशीत भाड्याच्या दोन खोल्या आणि दिवसभर माझी टकळी सुरू.

मग गेल्या वर्षी ह्यांचं ते कमी बोलणंही थांबलं. शिफ्टची बस निघून जायची आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. अंघोळ नको, मोबाइल नको, ताटात येईल ते गिळायचं. फोनवर तुम्ही म्हणायचात, "मन घट्ट कर, बाबा." मामंजी विचारायचे, "काय कमी हाय रं तुला?" तुमचा जीव तुटत होता, ठाऊक आहे मला. पण फोन ठेवला की हे आणखी मिटून जायचे.

पिंपरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, डिप्रेशन हा आजार आहे, आळस नव्हे. गोळ्यांना वेळ लागेल, मध्येच सोडू नका. "आणि त्यांना समजावत बसू नका. नुसत्या जवळ बसा." नुसतं बसायचं, तेही मी! पण जमलं. संध्याकाळी मी मेथी निवडायची, हे शेजारी. कधी एखादी काडी उचलायचे, कधी तीही नाही.

आता मामंजी रविवारी ह्यांना गावाकडे न्यायला निघालेत असं कळलं, म्हणून घाईने लिहितेय. काल जेवताना ह्यांनी घास घेतला, थांबले आणि म्हणाले, "मीठ टाकायचं इसरलीस का गं?"

आत्याबाई, चव लागली त्यांना! एरवी कुणी माझ्या भाजीला नाव ठेवलं तर मी फुगून बसते. काल पेढे वाटावेसे वाटले. मीठ आणायला उठले आणि ओट्याशी हसता हसता रडले.

सगळं बरं झालंय असं नाही. उद्या पुन्हा पडून राहतील कदाचित. फोन केलात तर मन घट्ट करायला सांगू नका, काय जेवलास ते विचारा. उत्तर आलं नाही तरी रागावू नका.

आजवर आम्ही इथे 'रूमवर' राहायचो आणि 'घरी' यायचो ते तुमच्याकडे. कालपासून माझ्या तोंडात ह्या दोन खोल्यांसाठी 'घर'च येतंय. तेव्हा रविवारी दोघंही या. ह्यांना न्यायला नको, आमच्या घरी राहायला या.