फणसाच्या लाकडाचा कॅमेरा

माझ्या मेहुण्याने एकदा मनात घेतलेली गोष्ट त्याच्या डोक्यातून काढणे साक्षात ग्रामदेवतेलाही जमलेले नाही. आणि हे मी उगाच म्हणत नाही, तिने प्रयत्न करून पाहिला आहे. हा माझ्या पत्नीचा चुलतभाऊ. पेडणे ते डिचोली या टापूतल्या लग्नामुंजींचे आणि जत्रांचे चित्रण करणे हा त्याचा धंदा, आणि खांद्यावरचा कॅमेरा हा त्याचा धर्म. कॅमेरा नसतानाही त्याचा उजवा खांदा किंचित वर असे. डिचोलीच्या एका मुंजीत त्याने भटजींना संकल्प पुन्हा सांगायला लावला होता. "भटजीनू, परत एकदा म्हणा, तोंडार उजेड नाय आसलो." आणि भटजींनीही निमूटपणे, या वेळी जरा उजेडाकडे सरकून, म्हटला.

तो जुना कॅमेरा बंद पडला तेव्हा पणजीच्या दुकानदाराने त्याला तळहाताएवढा नवा कॅमेरा दिला. चित्र अधिक स्वच्छ, किंमत आवाक्यातली. पण कारापूरच्या पहिल्याच लग्नात अंतरपाट खाली आला आणि याच्यासमोर मोबाइलांची भिंत उभी राहिली. वर एका बाईने आपला मोबाइल याच्याच हातात दिला, "आमचो एक फोटो काड रे बाबा." तो न जेवताच घरी आला. "भावोजी, चित्र बरा येता, पण वाट कोण देता?"

त्यातच आमच्या मुलीचे लग्न ठरले, साखळीच्या हॉलमध्ये. माझी पत्नी तेव्हा पेडण्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला होता. मेहुण्याला ती म्हणाली, "अंतरपाट पडतानाचा तिचा तोंड माका दाखय रे, बाकी काय नको." मोबाइलवरून थेट दाखवू, असे कुणीतरी सुचवले तर तो उसळला, "ताय आपल्या चेडवाक, पोटच्या लेकीक, बोटभर बघतली?"

खांद्यावरच्या नव्या कॅमेऱ्याची किंमत ऐकून तो दुकानदाराने मागवलेला चहाही न पिता उठला. जुन्या बाजारात दोन सापडले. एकाच्या भिंगात बुरशी, दुसऱ्याला लागणारी टेप आता मिळत नाही. पण दोन्ही खांद्यावर बसत होते, म्हणून दोन्ही त्याला देखणे वाटत. सराव म्हणून तो तांदळाची पिशवी खांद्यावर घेऊन अंगणात फिरे. शेवटी निवड देवीवर सोपवली. गुरवाने मूर्तीवर पाण्याने पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिल्या कॅमेऱ्याला डावी पडली. दुसऱ्यालाही डावी.

"देवी नको म्हणता रे," गुरव म्हणाला.

"ह्ये दोन नको म्हणता," मेहुणा शांतपणे म्हणाला. "खांद्याक नाय म्हणूक नाय."

आणि तो थेट सुताराकडे गेला. फणसाच्या लाकडाची हातभर लांब पेटी करून घेतली, तिला काळा रंग दिला, पुढच्या तोंडात तो तळहाताएवढा कॅमेरा बसवला आणि तोल राहावा म्हणून मागे रेती भरली. खांद्याखालची गादी माझ्या पत्नीने पडल्या पडल्या आपल्या जुन्या साडीची शिवली. "मेल्या, ह्यो कॅमेरो काय देव्हारो?" असे विचारून ती कितीतरी दिवसांनी हसली.

लग्नात तो पेटी घेऊन आला आणि गर्दी दुभंगली. मोबाइल खाली गेले. माझे एक वयस्क काका तर खुर्ची उचलून बाजूला झाले. पेटीत पाऊण भाग रेती आणि लाकूड आहे, हे त्या हॉलमध्ये मला आणि मेहुण्यालाच ठाऊक होते. अंतरपाट खाली आला तेव्हा मुलगी आणि त्याचा कॅमेरा यांच्यामध्ये कोणीही नव्हते.

संध्याकाळी त्याने ते चित्रण माझ्या पत्नीच्या पलंगासमोरच्या टीव्हीवर लावले. मुलीचा चेहरा पडदाभर. आणि त्यावर, दिसतंय ना असे विचारणारा, मेहुण्याचा अगदी जवळून आलेला आवाज, "ताये, दिसता मां?" त्यानंतर चित्रात तो थोडा वेळ गप्प आहे, हिला उत्तर द्यायला जागा ठेवावी तसा. "दिसता रे, दिसता," ती उशीवरून म्हणाली होती.

माझी पत्नी वारल्यावर ती पेटी त्याने आठवण म्हणून आमच्याकडे आणून ठेवली नाही, की धंदाही सोडला नाही. परवाच एका जत्रेत गर्दी बाजूला सारताना दिसला, गादी तीच. मी मात्र अधूनमधून ते चित्रण लावतो. तो विचारतो, "ताये, दिसता मां?" आणि थांबतो. मग त्याला ताटकळत ठेवणे बरे नव्हे, म्हणून मीच हळूच म्हणतो, "दिसता रे."