कौलाने निवडलेला टॅबलेट

देवेश तोरसकरला किळस यायची ती माशांच्या वासाची नव्हे. त्या वासात तो मालवणच्या दांडी किनाऱ्यावर वाढला होता. त्याला किळस यायची न वाचता मान डोलावणाऱ्यांची.

अठरा वर्षे पुण्यात त्याने एकच काम केले होते: इतरांनी बनवलेल्या मोबाइल अ‍ॅपमधल्या चुका शोधणे. आईच्या आजारपणात तो घरी परतला, तोही हेच काम सोबत घेऊन. ‘मोबाइलवर बोटान खेळता आणि पगार घेता,’ अशी त्याची गावात ओळख होती. त्यामुळे मच्छीमार संस्थेने त्याला बोलावले तेव्हा तो, वरवर कपाळाला आठ्या घालून का होईना, मनातून सुखावला होता.

संस्थेने एक अ‍ॅप करून घेतले होते. होडी समुद्रात कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दाखवायचे आणि पाण्याखालचे खडप, म्हणजे खडक, दोनशे मीटरवर आले की घंटा वाजवायची. चाळीस होड्यांवर एकेक टॅबलेट बसायचा होता. कोणता, ते चाचणी करून देवेशने सांगायचे होते आणि अहवालावर सही करायची होती. नमुने दोनच होते. एक लहान, जाडसर, दिसायला ओबडधोबड; पण उपग्रहाचा संकेत थेट पकडून स्वतःची जागा ओळखणारा. दुसरा मोठा, चकचकीत. मात्र आसपासच्या घरांतल्या वायफायवरून जागेचा नुसता अंदाज बांधणारा. समुद्रात घरे नसतात, हे देवेशने तीन पाने खर्चून लिहिले. ती पाने अध्यक्ष बाबली मेतर यांच्या टेबलावर आठवडाभर चहाच्या कपाखाली राहिली.

“तीन पानां कोण वाचतलो रे?” बाबली म्हणाले. “एक म्हणता मोठो, एक म्हणता बारको. उगाच भांडणां कित्याक? देवाक इचारूया.”

आणि खरोखरच देवळात कौल लावला गेला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. “मोठो टॅब घेवचो काय, महाराजा?” असे गाऱ्हाणे घातले गेले. उजवी पडली. देवेश बाहेर चपलांपाशी उभा होता. देवावर त्याचा राग नव्हता. आपल्या निर्णयाचे ओझे देवाच्या खांद्यावर टाकून प्रसादाचा नारळ फोडणाऱ्या या माणसांकडे पाहून मात्र त्याने प्रसाद न घेताच चपला पायात सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात मोठा टॅबलेट सुरू केला. ठिपका नेमका कार्यालयाच्या छपरावर पडला. टाळ्या वाजल्या.

“बगलंस? देव कधी चुकता काय?” बाबलींनी छापील अहवाल पुढे सरकवला. त्यावर आधीच टंकलेले होते: ‘समुद्रात प्रत्यक्ष चाचणी केली. यंत्र समाधानकारक आढळले.’

“समुद्रात कोण गेलं होतं, काका?” देवेशने मुद्दाम पुस्तकी मराठीत विचारले. “मी खोट्यावर सही करत नाही. आधी होडी काढा.”

“पुण्याक ऱ्हवलो आणि देवापेक्षा शाणो झालो!” कोणीतरी मागून म्हणाले. हशा पिकला. पण सहीशिवाय खरेदी होणार नव्हती, म्हणून होडी निघाली. सुकाणूवर महादू तांडेल, पन्नास वर्षे याच पाण्यात काढलेला म्हातारा. टॅबलेटला इंटरनेट मिळावे म्हणून बाबलींनी आपल्या फोनचे हॉटस्पॉट सुरू केले.

धक्क्यावर ठिपका बरोबर होता. किनाऱ्यावरच्या लॉजांचे वायफाय त्याला हात देत होते. होडी पुढे गेली तसा तो अडखळला, थबकला आणि एकदम नाहीसा झाला. मग यंत्राने फोनच्या इंटरनेटवरून नवा अंदाज बांधला आणि नकाशा सरकला.

“आता आमी खंय आसंव?” बाबलींनी विचारले.

“कोल्हापुरात,” देवेश म्हणाला.

महादू खो खो हसला. “मगे अंबाबाईचां दर्शन घेवन येवया!”

पडद्यावर हिरव्या अक्षरांत आले: ‘जवळपास धोका नाही.’ त्याच क्षणी महादूचे हसू थांबले. किनाऱ्यावर देवळाचा कळस आणि त्यामागचा मोबाइलचा मनोरा एका रेषेत आले होते; खडप जवळ आल्याची ती त्याची खूण. त्याने अंग झोकून सुकाणू फिरवले. डाव्या हाताला, वीस फुटांवर, पाण्याखालून काळे खडप सरकत गेले. बाबलींनी होडीची कड दोन्ही हातांनी धरली होती. घंटा वाजली नव्हती.

किनाऱ्यावर पाय लागताच बाबलींना वाचा फुटली. “ह्यां सगळां खरां. पण देवान दिल्लो कौल फिरवचो कसो? तू सही कर रे, मगे बघूया.”

“चाळीस होड्या खडपावर गेल्या की मग बघणार?” देवेशने विचारले. “माझी सही मिळणार नाही.”

“नाय तर कुडाळात दुसरो गावतलो!”

देवेशला ठाऊक होते, मिळेलही. सही करणाऱ्यांची या जगात कधी टंचाई नसते.

तेव्हा महादू दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “देव चुकाक नाय, बाबल्या. तुमी इचारलास, मोठो घेव काय. तेणी सांगल्यान, घे. तो व्हडयेर नेव काय, ह्यां खंय इचारलास?”

मोठा टॅबलेट होडीवर न्यावा का, हे संध्याकाळी महादूनेच देवळात जाऊन विचारले. डावी पाकळी पडली.

आठवड्याने ठराव झाला: ‘श्रींच्या कौलानुसार लहान टॅबलेट घेण्यात यावा.’ देवेशचे नाव त्यात कुठेही नव्हते. त्याने आपली तीन पाने परत मागितली. पहिल्या पानावर कपाचे तपकिरी कडे उमटले होते. उरलेली दोन एकमेकांना चिकटलेलीच होती. होड्या वाचल्या, हे त्याला मान्य होते. वाचल्या त्या रीतीची मात्र त्याला शिसारी आली.

लहान टॅबलेटसोबत बाबलींनी पुन्हा तोच अहवाल पाठवला. ‘समुद्रात प्रत्यक्ष चाचणी केली’ हे वाक्य त्यावर आधीच टंकलेले होते.

देवेशने ते खोडले, टॅबलेट काखेत मारला आणि महादूच्या दारात जाऊन उभा राहिला.

“काका, व्हडी काडा,” तो म्हणाला.