सर्व हक्क पाकिटात

पाकीट काउंटरवर ठेवलं की गुरुजी त्यावर पंजा झाकायचे. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाने पत्ता वाचू नये म्हणून. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. पाठवणारे गुरुजी, मुक्काम कळसाडी. घेणारेही गुरुजी, मुक्काम कळसाडी.

"ठप्पा नीट मार वं माय. तारीख दिसाले पायजे," ते म्हणायचे.

मी पोस्टात नवीन होते. इंग्रजी शाळेत शिकलेली. अहिराणी समजायची, पण बोलायला लाज वाटायची. तरी एकदा धीर करून विचारलं, "गुरुजी, स्वतःलाच पत्र?"

"जगमा भरोसाना मानूस एकच शे," ते म्हणाले. "त्यालेच धाडी ऱ्हायनू."

गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. अहिराणीत गाणी लिहायचे. गाणं लिहून झालं की ते स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवायचं आणि आलेलं पाकीट कधीच फोडायचं नाही; पोस्टाचा शिक्का म्हणजे गाणं आपलंच असल्याचा कोर्टात पुरावा, असं त्यांना चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं होतं. पाकिटावर ते कॉपीराइटची खूण म्हणून गोलात इंग्रजी सी काढायचे आणि चारही कोपऱ्यांवर लाख लावायचे. नक्कल ठेवायची नाही, कारण नक्कल चोरीला जाते. आतल्या गाण्याचं नाव बाहेर लिहायचं नाही, कारण नावावरून चोराला अंदाज येतो. आयुष्यभर परीक्षेत मुलांच्या कॉप्या पकडणाऱ्या माणसाला सगळं जग मागच्या बाकावर बसलेलं दिसत असावं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा कवी असेल. त्याची कविता कुणी ऐकायला तयार नसतं आणि त्याला मात्र ती चोरीला जाण्याची भीती असते.

नंदुरबारच्या एका कविसंमेलनात त्यांना बोलावलं होतं. त्यांनी दोन ओळी म्हटल्या, कागदाची घडी घातली आणि जाहीर केलं, "पुढलं पाकिटमा शे." इतक्या मनापासून टाळ्या त्या दिवशी दुसऱ्या कुणालाच मिळाल्या नाहीत.

विहिरीवर रडणारी सून कुणाच्याही गाण्यात आली की ती यांच्याच गाण्यातून पळवलेली असायची. "आधी कोनी आनी? मी."

एका पावसाळ्यात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर कायदा वाचला. लिहिलं त्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुराव्याला उपयोगी पडते, आणि तिचा अर्ज घरबसल्या भरता येतो. हक्क शब्दांवर असतो, कल्पनेवर नाही. म्हणजे रडणारी सून कुणाचीही असू शकते. लेखक गेल्यावरही साठ वर्षं हक्क टिकतो. पाकिटाचा उल्लेख कुठेच नव्हता.

मी गुरुजींना यातलं काही सांगितलं नाही. इतकी वाक्यं सलग बोलायची मला सवय नव्हती. शिवाय, खरं सांगायचं तर, मला मजा वाटत होती.

मग लग्नसराईत एक गाणं वाजू लागलं. वर्षापूर्वी पुतणीच्या हळदीत बायकांच्या आग्रहाला भुलून गुरुजींनी एका जुन्या गाण्याची दोन कडवी म्हटली होती. तिसऱ्याआधी ते सावध झाले आणि गप्प बसले. तेवढं कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. धानोऱ्याच्या बँडवाल्याने तीच दोन कडवी उचलली, व्हिडिओ केला, आणि शहाद्यापासून नवापूरपर्यंत वराती त्यावर नाचू लागल्या.

गुरुजी पोस्टात आले ते बँडवाल्याला सोबत घेऊन. हातात पिशवीभर पाकिटं. पोस्टमास्तर साक्षीदार, मीही साक्षीदार.

"मन्हं गानं चोरं यानी," गुरुजी म्हणाले.

बँडवाला हात जोडून उभा होता. "गुरुजी, मी कोठे नही म्हनस? तिसरं कडवं द्या, व्हिडिओखाले तुमनं नाव टाकी देस."

"पाठ शे मले. पन सांगनार नही. आधी पुरावा."

त्यांचे ओठ मात्र हलत होते. पहिली दोन कडवी ते मनात म्हणत होते आणि तिसऱ्याच्या तोंडाशी येऊन अडत होते. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच.

पोस्टमास्तरांनी विचारलं, "यातलं पाकीट कोणतं, गुरुजी?"

गुरुजींनी सगळी पाकिटं काउंटरवर पसरली. सगळी सारखीच. पहिलं फोडलं, त्यात बैलांचं गाणं निघालं. दुसऱ्यात रडणारी सून. तिसऱ्यात दुसरी रडणारी सून. बँडवाल्याने हसू दाबलं. मीही दाबलं.

चौथं त्यांनी हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "फोडं का पुरावा गया," ते पुटपुटले.

तेव्हा मी बोलले. "गुरुजी, फोडा सगळी. लिहिलं तेव्हाच ते तुमचं झालं. कायद्याला पाकीट लागत नाही."

ते पाकिटांवरचा हात काढून माझ्याकडे वळले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

"कवयपासून मालूम शे तुले?"

"मागच्या पावसाळ्यापासून."

त्या पावसाळ्यानंतर मी त्यांच्या अकरा पाकिटांवर शिक्के मारले होते. त्यांनी ते मोजले असतील की नाही, माहीत नाही. फोडलेल्या पाकिटांतले तीन कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवले, बाकीची पाकिटं पिशवीत भरली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे." बँडवाला दारापर्यंत मागे गेला. ते थांबले नाहीत. पुन्हा कधी पोस्टातही आले नाहीत.

दिवाळीनंतर ते गेल्याचं कळसाडीच्या टपालवाल्याने सांगितलं. पाकिटं कुलूपबंद पेटीत आहेत, फोडू नका असं बजावून गेलेत, म्हणून मुलगा हात लावत नाही. पेटीवर गाद्या रचल्यात.

मी व्हिडिओ उघडला. खाली लिहिलं होतं, 'गीत: पारंपरिक'. मी आयुष्यात कधी कुठे कमेंट केली नव्हती. त्या दिवशी गुरुजींचं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, गाणं त्यांचं आहे असं लिहिलं.

दहा मिनिटांत बँडवाल्याचं उत्तर आलं. 'हो ताई, मालूम शे. तिसरं कडवं धाडा, लगेच नाव टाकतो.'

मी अजून उत्तर दिलेलं नाही.